चिंचेपलीकडचा लिंब

काशाक्काला माहेरं किती होती, हे आमच्या गावात कुणालाच सांगता आलं नसतं. बाकीच्या बायकांना एक माहेर असतं आणि त्यातच त्या जन्मभर फुशारक्या मारतात. काशाक्काला नदीकाठी माहेर होतं, डोंगरावर होतं, नगरकडे होतं, परळीच्या अंगाला होतं, आणि एका हिंगवाल्या पठाणाच्या मुलखातही होतं. माझी आई म्हणायची, "निजामाचं राज्य मोठं की अक्कांचं माहेर मोठं, ते एकदा बघायला हवं." हे ती काशाक्काच्या तोंडावरसुद्धा म्हणायची, आणि त्यावर सगळ्यांत मोठ्यानं हसायची ती काशाक्काच.

आमचं गाव धारूरहून केजला जाणाऱ्या वाटेवर. माझे वडील तिथे पंतोजी होते. गावाला दगडी वेस होती, वेशीबाहेर एक जुनी धर्मशाळा होती, आणि वेशीतून आत पाऊल टाकलं की डाव्या हाताला मारुती आणि उजव्या हाताला काशाक्काचं दुकान. गावात शिरणाऱ्याला ही दोन दैवतं चुकवता येत नसत. त्यातला मारुती निदान काही विचारत नसे.

दुकान खरं म्हणजे तिच्या नवऱ्याचं, शिवअप्पांचं. मीठमिरची, गूळ, तेल, सुंठ असं वाण्याचं नेहमीचं दुकान. पण अप्पा त्यात तराजूमागे असे बसलेले असायचे की नवख्या गिऱ्हाइकाला ते पोत्यांपैकीच एक वाटावेत. त्यांचं सगळं बोलणं एका शब्दात होतं, "बरं." भाव कमी करा म्हटलं तरी बरं, पाऊस येणार म्हटलं तरी बरं, आणि पोत्याला उंदीर लागला म्हटलं तरी बरंच. त्या घराच्या वाट्याला आलेले बाकीचे सगळे शब्द काशाक्काकडे गेले होते.

उंच, रुंद हाडापेराची बाई. कपाळावर भस्माचे तीन पट्टे, गळ्यात चांदीच्या डबीतलं लिंग, आणि कमरेला दुकानाची किल्ली. तिला हळू बोलता येत नसे. कानात सांगते म्हणून तिनं सांगितलेली गोष्ट विहिरीवरच्या बायका माना डोलावून ऐकायच्या. गुळाची ढेप फोडली की पहिला खडा स्वतःच्या तोंडात आणि दुसरा समोर जे पोर असेल त्याच्या तोंडात, मग तराजू. अप्पा तेवढ्यापुरते आढ्याकडे बघायचे.

आणि तिचा तो ठरलेला सवाल. वेशीतून कुणीही नवखा माणूस आत आला की ती ओट्यावरूनच ओरडायची, "कोनच्या गावचे, पाव्हनं?"

तो बिचारा गाव सांगायचा.

"तुमच्या दारात लिंब हाय का?"

आता आमच्या मुलखात कडुलिंब कुणाच्या दारात नसतो? माणूस गोंधळून हो म्हणायचा.

"अगं बाई! मग माझ्या म्हायेरचंच की तुमी! या, बसा. लई उन्हाचं आलाव."

झालं. पाण्याचा तांब्या आणि गुळाचा खडा पुढं यायचा. पठाण हिंग विकायला आला होता, त्याला सवाल कळलाच नाही. नुसता अदबीनं "जी, है" म्हणाला आणि काशाक्काचा भाऊ होऊन बसला. पुढं दर हिवाळ्यात तो वाट वाकडी करून आमच्या गावाला यायचा, आणि आल्यावर आधी "बेहेनजी" अशी हाक द्यायचा. अख्ख्या गावात हिंग फक्त काशाक्काकडे चांगला मिळायचा, त्याचं कारण हे.

आम्ही मुली यावर खूप हसायचो. पण एक गोष्ट आम्हाला तेव्हाही खटकायची. नागपंचमी जवळ आली की गावात मुऱ्हाळ्यांची रीघ लागे. मुऱ्हाळी म्हणजे सासुरवाशिणीला माहेरी न्यायला आलेला भाऊ. कुणाचा गाडी घेऊन यायचा, कुणाचा तट्टावर, कुणाचा नुसता पायीच. गावातल्या सगळ्या सुना उंबऱ्यात उभ्या राहून वेशीकडे डोळे लावून बसायच्या. काशाक्का ओट्यावर उभी राहून प्रत्येक मुऱ्हाळ्याची विचारपूस करायची, बैलांना पेंड द्यायची, लेकीला झोक्यावर जपून बसव म्हणून दम भरायची. पण इतकी माहेरं असून तिला न्यायला कधी कुणी आलं नाही. कुणी विचारलंच तर म्हणायची, "माझं म्हायेर लई लांब हाय बाई. बैल दमतेत." आणि लगेच कुणाच्या तरी बैलावर घसरायची.

जर्मनची लढाई चालू आहे असं मोठी माणसं बोलायची, त्या दिवसांतली गोष्ट. त्या साली नगरकडे, म्हणजे इंग्रजांच्या मुलखात, पाऊस पडलाच नाही. आमच्याकडे कसाबसा पडला. तिकडची माणसं घरं सोडून निघाली. मोठी माणसं खडी फोडायच्या कामाला गेली, काही वाटेतच मेली, आणि लेकरं रस्त्याला लागली. बाजाराच्या गाड्यांमागून चालत चालत ती मोगलाईत, म्हणजे आमच्या निजामाच्या हद्दीत, शिरली आणि आमच्या वेशीबाहेर धर्मशाळेच्या पायरीवर येऊन बसली. कुणाच्या अंगावर पोतं, कुणाच्या हातात करवंटी. पोटं पुढं आलेली आणि पाय काड्यांसारखे. ती रडत नव्हती, हेच मला आठवतं. आमच्या घरात माझा धाकटा भाऊ दूध सांडलं तरी घर डोक्यावर घ्यायचा.

आमचं गाव काही दुष्ट नव्हतं. पण घाबरट होतं, आणि घाबरलेलं गाव दुष्ट गावासारखंच वागतं. दारं लागली. कुत्री सोडली गेली. ही कुणाची, कुठली, जात कुठली, चोर तर नाहीत ना, असे सवाल सुरू झाले. कुणाची तरी कोंबडी नाहीशी झाली. मुंगसानं नेली असणार, पण नाव लेकरांचं झालं. जमिनीखालच्या पेवात होती तेवढी ज्वारी सगळ्यांनी मनातल्या मनात तीनतीनदा पाहून घेतली होती. माझ्या वडिलांनीही, ते पंतोजी असले तरी.

काशाक्का कण्यांचं पातेलं घेऊन वेशीबाहेर गेली. मागून आम्ही पोरं, आमच्या मागून मजा बघायला अर्धं गाव. तिनं पातेलं खाली ठेवलं आणि पायरीवरच्या पहिल्याच पोरापासून सुरुवात केली.

"कोनच्या गावची ग तू? दारात लिंब हाय का?"

पोरगी भुकेनं इतकी गळाली होती की तिनं नुसती मान हलवली.

"ही माझ्या म्हायेरची!" काशाक्कानं गावाकडं वळून जाहीर केलं, आणि द्रोणात कण्या वाढल्या. दुसरं लेकरू, तिसरं लेकरू, सगळी तिच्या माहेरची निघाली. लिंबाला हो म्हटलं की कण्या मिळतात हे लेकरांना लगेच कळलं. पुढची तर विचारायच्या आधीच "लिंब हाय, लिंब हाय" म्हणायला लागली.

शेवटी एक पोरगा होता, हरबा. सात-आठ वर्षांचा असेल. कपाळाला आठ्या, नाकाला शेंबूड. काशाक्कानं त्याला विचारलं, "दारात लिंब हाय ना?"

"न्हाई. चिंच हाय."

मागं अर्धं गाव खदखदून हसलं. एक म्हणाला, "आता कसं वो अक्का?"

काशाक्कानं क्षणभर विचार केला. "चिंचंच्या पल्याड लिंब असंल. तू ल्हान हाईस, तिकडं गेला नसशील."

"गेलतो म्या," हरबा म्हणाला. त्याची नजर पातेल्यावर होती, पण जबाब बदलायला तो तयार नव्हता. "चिंचंच्या पल्याड काईच न्हाई. नुस्ती जिमीन हाय."

"मग तू हिकडं आल्यावर उगवला असंल," काशाक्का म्हणाली आणि त्याच्या द्रोणात सगळ्यांत मोठा डाव वाढला.

आता हे सगळं हसण्यावारी नेण्यासारखं होतं, पण त्यात एक मेख होती, आणि ती आधी बायकांच्या ध्यानात आली. आमच्याकडे गावाच्या सुनेच्या माहेरचा माणूस म्हणजे अख्ख्या गावाचा पाहुणा. त्याला कुणी उणं बोललं तर ती सून त्या घराशी जन्माचं वैर धरते, आणि तिच्या बाजूनं बाकीच्या सगळ्या सुनाही, कारण माहेर सगळ्यांनाच असतं. काशाक्कानं लेकरांना भिकारी राहू दिलं नव्हतं. तिनं त्यांना सोयरे करून टाकलं होतं.

आणि सोयरे म्हटल्यावर नाती आली. हरबाला ती दादा म्हणायला लागली. त्याच्याशेजारी बसलेली एक चिमुरडी होती, ती आत्या झाली. आणि एक अगदी लहानगं, तीन वर्षांचं असेल नसेल, त्याला स्वतःचं नावही सांगता येत नव्हतं. पण तोंड असं गंभीर, की जणू कुणाच्या लग्नाची बोलणी करायला आलंय. त्याला तिनं मामा केलं. सकाळी दुकानाच्या ओसरीवर तिचा आवाज ऐकू यायचा, "दादा, कन्या टाकू का? मामा, चड्डी घाला आधी! आत्या कुठं गेलत्या?" दादा आठ्या घालून म्हणायचा, "टाक."

कुणी असं समजू नये की काशाक्का मोठी सुधारक होती. लेकरांना ती स्वयंपाकघरात येऊ देत नसे, त्यांची भांडी वेगळी, पाणी वरून ओतायची. सोवळंओवळं सगळ्या गावासारखं तीही पाळायची. फक्त कुणाला उपाशी ठेवून पाळायची नाही. माझी आई आमच्या घरातून रोज एक भाकरी पाठवायला लागली; वडिलांनी ते पाहिलं आणि पाहिलं नाही असं केलं.

दिवस असे बरे चालले होते, आणि मग मानमोडी आली. तो ताप काय होता ते अजून मला कुणी धड सांगितलेलं नाही. धडधाकट माणूस सकाळी अंग दुखतं म्हणून आडवा व्हायचा, आणि तिसऱ्या दिवशी मान टाकायचा. आमच्या गावात पहिल्यांदा आजारी पडला तो केजच्या बाजारातून आलेला एक शेतकरी. सगळ्यांनी त्याला गाडीतून उतरवून घेताना पाहिलं होतं. तरी चावडीवर ठरलं, ताप नगरकडच्या पोरांनी आणला. त्यांना नुसतं वेशीबाहेर नाही, शिवेबाहेर घालवायचं. बाजारचा दिवस झाला की दुसऱ्या दिवशी.

शिवेबाहेर म्हणजे कुठे? पुढचं गावही हेच करणार, त्याच्या पुढचंही. लेकरांना चालायला पायच उरले नव्हते. हे मला नऊ वर्षांची असून कळत होतं.

काशाक्का चावडीखाली येऊन उभी राहिली. बायका चावडीवर जात नसत, पण तिच्या आवाजाला पायऱ्या चढायची गरज नव्हती.

"कोनाला घालवायलाव, पाटील?"

पाटील तिशीतले होते, वडिलांमागे नुकतेच कारभार बघायला लागलेले. स्वतःच्याच घरात तापाचं माणूस होतं. म्हणाले, "भायेरच्या पोरांना, अक्का. दुसरा इलाज न्हाई."

"भायेरची कोन हायती? ती माझ्या म्हायेरची हायती."

"अक्का, च्येष्टा बास करा आता. मानसं मरायलीत."

काशाक्कानं कमरेची किल्ली चाचपली. मग म्हणाली, "बरं."

नवऱ्याचा शब्द तिच्या तोंडात आला, तेव्हाच पाटलांनी सावध व्हायला हवं होतं. ते झाले नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकानापुढं बैलगाडी जुंपलेली. गाडीत काशाक्काची पेटी, वाकळ, पाटा-वरवंटा, ज्वारीचं पोतं, सुंठेचं पोतं, आणि वर काशाक्का. गाडीवान खुद्द शिवअप्पा.

आईनं विचारलं, "अक्का, कुठं निघालात?"

"म्हायेरी," काशाक्का सगळ्या आळीला ऐकू जाईल असं म्हणाली. "रुसून चाललेय मी. मुऱ्हाळी काय आला न्हाई, म्हनून ह्येंलाच म्हनलं, सोडा. जल्माला आल्यावर एकदा तरी बाईनं रुसून म्हायेरी जावं का न्हाई?"

गाडी वेशीतून बाहेर पडली, धर्मशाळेशी थांबली आणि काशाक्का उतरली. हाकेच्या अंतरावरचं ते माहेर. अप्पांनी सामान उतरवून दिलं, ती म्हणाली, "किल्ली माझ्याजवळच हाय," ते म्हणाले, "बरं," आणि रिकामी गाडी घेऊन परत आले. दुकान बंद राहिलं.

आता पंचाईत गावाची झाली. रुसून गेलेल्या सुनेचं माहेर शिवेबाहेर कसं घालवायचं, याचा दाखला कुणाकडेच नव्हता. सून रुसून गेली तर तिला आणायला सासरच्यांनी जायचं असतं. गावातली चार शहाणी माणसं बरोबर न्यायची, माहेरच्यांनी त्यांना थोडं ताटकळत ठेवायचं, मग घोंगडी टाकायची, तक्रार ऐकवायची आणि शब्द घ्यायचा. तोवर सून उठत नाही, आणि तोवर तिच्या माहेराशी वाकडं वागता येत नाही. आमच्या गावात दुसऱ्या कशाचे नसतील एवढे या गोष्टीचे नियम कडक होते.

आणि सुंठ तिकडे होती. मानमोडीवर सुंठमिऱ्याचा काढा हे एकच औषध लोकांना ठाऊक. पहिल्या दिवशी कुणी गेलं नाही. दुसऱ्या दिवशी माझीच आई पदर खोचून मला घेऊन निघाली. धर्मशाळेच्या ओवरीत काशाक्का चूल पेटवून बसली होती, आणि दादा, आत्या, मामा तिच्याभोवती. तिथे स्वयंपाकघर नव्हतंच, त्यामुळे कुणी कुठे यायचं हा प्रश्नही तिनं सोडून दिला होता. मामा तिच्या मांडीवर झोपला होता. तिनं आईला सुंठ दिली, काढा कसा उकळायचा ते गावाला ऐकू जाईल असं समजावलं, आणि म्हणाली, "माझ्या म्हायेरी आलाव, त्वांड ग्वाड केल्याबिगर जायाचं न्हाई." आई त्या लेकरांशेजारी पायरीवर बसली आणि गूळ खाल्ला. दुसऱ्या दिवशी चार बायका गेल्या. मग कुणी मोजल्या नाहीत. ज्या लेकरांनी ताप आणला म्हणत होते, त्यांच्याशेजारी बसून गाव तापाचं औषध घेऊन येत होतं.

शेवटी पाटील निघाले. बरोबर माझे वडील, दोन म्हातारे आणि अप्पा. आम्ही पोरं मागून गेलो, आम्हाला कोण अडवणार होतं? काशाक्कानं त्यांना उन्हात उभं ठेवलं, रीतीप्रमाणे. मग घोंगडी टाकली. समोर माहेरची मंडळी बसली. मधे दादा, त्याचं नाक तिनं मुद्दाम पुसून दिलं होतं. एका बाजूला आत्या बोट चोखत. आणि काशाक्काच्या मांडीवर मामा, नुकता जागा होऊन सगळ्यांकडं अशा तोंडानं बघत होता की एक म्हातारा नकळत त्याला रामराम म्हणाला.

पाटलांना हसू आवरेना आणि रागही आवरेना. म्हणाले, "अक्का, एक इचारतो. लई वर्सं ऐकतोय म्हायेर, म्हायेर. खरं सांगा, तुमचं गाव कोनचं?"

काशाक्कानं तोंड उघडलं, आणि मिटलं.

तिला बोलायला शब्द सापडत नाही, हे मी पहिल्यांदा पाहिलं. ती मामाच्या डोक्यावरून हात फिरवत राहिली. ती शांतता इतकी वाईट होती की मला पाटलांचा राग आला. अजूनही येतो.

तेव्हा अप्पा बोलले. मागं उभे होते, पुढं आले.

"तिला म्हाईत न्हाई, पाटील," ते म्हणाले. "मागल्या मोठ्या दुष्काळात ती हितंच सापडली. ह्याच पायरीवर. ह्या मामाएवढी हुती. गळ्यात लिंग हुतं म्हनून आमच्या आईनं घरात घेतली, वाढिवली, आन् फुडं माझ्याशी लगीन लावलं. तिला गाव आठवत न्हवतं, आईबाप आठवत न्हवते. दारात लिंब हुता, येवढंच आठवत हुतं." अप्पा थांबले. एवढं बोलून त्यांना धाप लागली होती. "तवाबी गावानं म्हनलं हुतं, घालवा. तुमच्या आज्यानं म्हनलं, लेकरू हाय, ऱ्हाऊ द्या. गाव कोनचं, ते त्येंनी इचारलं न्हवतं."

दोन्ही म्हाताऱ्यांनी माना खाली घातल्या. त्यांना हे ठाऊक होतं. ती गावाची सून झाली त्या दिवशी त्यांच्या लेखी तो विषय संपला होता, आणि पुढच्यांना सांगावं असं त्यात त्यांना काही वाटलं नव्हतं. माझ्या आईला, वडिलांना, आम्हा कुणालाच माहीत नव्हतं. मी लिंबाच्या सवालावर किती हसले होते ते आठवून माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

पाटील बराच वेळ घोंगडीची दशी ओढत बसले. मग अप्पांना म्हणाले, "बरं, आता काय करायचं सांगा."

"रीत म्हायेरच्यांना इचारा," अप्पा म्हणाले, आणि पुन्हा मागं जाऊन पोतं झाले.

काशाक्काला आता आवाज सापडला होता, जरा घोगरा. "दादा, पाठवायचं का मला?"

हरबानं आठ्या घातल्या. पाटलांकडं बघितलं. "परत असं करनार न्हाई म्हना."

गावच्या पाटलानं पोत्याच्या चिंध्या पांघरलेल्या पोराला शब्द द्यायचा, हे आमच्या गावात आधी कधी घडलं नव्हतं. पाटील म्हणाले, "न्हाई करनार, दादा." आणि ते त्यांनी गंभीरपणे म्हटलं, हे मी त्यांच्या बाजूनं सांगितलं पाहिजे.

रीतीप्रमाणे सून सासरी आली. गाडीत काशाक्का, दादा, आत्या, मामा आणि बाकी सगळं माहेर. दुकान उघडलं.

ताप महिनाभर होता. प्रत्येक आळीतून कुणीतरी गेलं. पाटलांची धाकटी बहीण गेली. आणि जाता जाता ताप मामाला घेऊन गेला. त्या दिवशी काशाक्का ओसरीवर बसून रडली ते सगळ्या गावाला ऐकू गेलं. तिच्या घरी चूल पेटली नाही. संध्याकाळी एकेक करून बायका आल्या, पदराखाली पिठलं-भाकरी घेऊन, जशा कुणाच्याही माहेरी कुणी गेलं तर येतात. पाटलीणबाईसुद्धा आल्या. कुणी म्हणालं नाही की ते कुठलं कोण लेकरू. आई तिच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाली, "तुमचे मामा गेले हो, अक्का," आणि स्वतःच रडायला लागली.

पुढच्या साली पाऊस चांगला झाला. काही लेकरांना शोधत आईबाप आले. आत्याची आई तर पायी आली आणि वेशीतच बसली, तिला पुढं चालवेना. काही लेकरं कुणाकुणाकडे गुरांमागे राहिली. जो जाईल त्याला काशाक्का गुळाची ढेप द्यायची आणि ओरडून सांगायची, "म्हायेरी सगळ्यांना सांगा, मी बरी हाय." हरबाही एका गाडीबरोबर निघाला. जाताना त्यानं ढेप बगलेत मारली. आठ्या तेवढ्या घातल्या. मग वर्षांमागून वर्षं गेली आणि त्याचा काही निरोप नाही. मुऱ्हाळ्यांच्या बैलांना पेंड घालताना काशाक्का म्हणायची, "दादा कामात असंल. शेतीभातीचं मानूस."

माझं लग्न झालं. मला माझा भाऊ पंचमीला घेऊन यायचा, आणि मग मला कळलं की मुऱ्हाळ्याची वाट बघणं म्हणजे काय असतं. सासरी चूल फुंकतानासुद्धा कान रस्त्याकडे असतात. अशाच एका पंचमीला, माझा मुलगा कडेवर होता, मी काशाक्काच्या ओट्यावर बसले होते. ती थकली होती. डोळ्यांना कमी दिसायला लागलं होतं, पण आवाज होता तसाच.

वेशीतून एक गाडी आली. बैल धुतलेले, शिंगांना गेरू. गाडीवान उंच, काळा, विशीतला. तो दुकानापुढं थांबून खाली उतरला.

काशाक्कानं सवयीनं विचारलं, "कोनच्या गावचे, पाव्हनं? दारात लिंब हाय का?"

"न्हाई," तो म्हणाला. "चिंच हाय."

काशाक्काच्या हातातलं सूप खाली आलं. तिनं डोळे बारीक करून त्याच्या तोंडाकडे बघितलं, कपाळाकडे बघितलं. हळू, खरोखरच हळू आवाजात तिनं विचारलं, "आन् चिंचंच्या पल्याड?"

"लिंब हाय, अक्का. म्याच लावला, गेलो त्याच साली. झोका बांधाया फांदी धरंना, म्हनून यायला उशीर झाला. चल. मुऱ्हाळी आलोय मी."

मग काशाक्का रडली, आणि हरबाही रडला, आणि मी माझ्या मुलाच्या अंगात तोंड लपवलं. पण ते फार वेळ नाही. लगेच तिचा नेहमीचा आवाज सुरू झाला. लुगडं कुठलं नेसू, पेटी कुठाय, बैलांना पेंड घाला, दादा जेवल्याबिगर हलायचं न्हाई, ह्येंची भाकरी कोन करील. आळीतल्या सगळ्या सुना उंबरे सोडून धावत आल्या. एकीनं तिची वेणी घातली, एकीनं तिच्या पायांना हळद लावली. पाटील वेशीपर्यंत सोडायला आले आणि हरबाला वाकून रामराम केला. "दादा," म्हणाले, "सुनेला पंचमी झाली की धाडा. दुकान हाय."

"बघू," हरबा आठ्या घालून म्हणाला.

गाडी धर्मशाळेवरून पुढं गेली. काशाक्का आमच्याकडं तोंड करून बसली होती आणि हात हलवत ओरडत होती, पण चाकांच्या आवाजात ते काय ते आम्हाला कळलं नाही. मी तिला पाहिलं ते तेवढंच शेवटचं. मी सासरी परतले, आणि पुढच्या पंचमीपर्यंत ती राहिली नाही.

अप्पा वेशीत उभे होते. गाडी वळणाआड गेली तरी उभेच होते. मी जवळ जाऊन म्हटलं, "अप्पा, अक्का माहेरी गेल्या."

त्यांनी उपरण्यानं डोळे पुसले.

"बरं झालं," ते म्हणाले.